देवमाशाचा दात आणि दवाखान्याची किल्ली

वाइताबू बेट, फिजी,
ता. ९ मार्च

चि. उनाइसीला मोठ्या बाबांचा आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे धड आहेत. तूही धड असशील, नसतीस तर आत्तापर्यंत बोंब आली असती.

तू म्हणतेस फोन करा. फोन लागतो तो पाण्याच्या टाकीजवळच्या टेकाडावर. मी चढलो की माझ्या मागून अर्धं गाव चढतं, आणि ऑस्ट्रेलियात तू काय जेवलीस ते माझ्याआधी पाद्रीबाईला कळतं. त्यापेक्षा कागद बरा. बोट महिन्याने येते तर येऊ दे. फक्त अक्षराला हसू नकोस. मी सहावीत शाळा सोडली आणि शाळेने हुश्श केलं.

तू निघालीस तेव्हा बंदरावर केवढी रडारड. मला ते पटलं नाही. पोर कामाला चालली आहे, पुरायला नाही. आणि लॉरेनबाई तिच्या म्हाताऱ्यांच्या आश्रमासाठी नर्स मागायला आपल्या गावात आली ती काही हात हलवत आली नाही. देवमाशाचा दात घेऊन आली. राजधानीत, सुव्यात, कोणी शहाण्याने शिकवलं असणार. जमिनीवर बसली, गुडघे दुखत होते तरी बसली. घराण्याच्या वतीने बोलायचं काम माझं, म्हणून दात मी हातात घेतला आणि चारचौघांत म्हणालो की आमची मुलगी आजपासून तुमच्या घरची. दात घेतला की 'नाही' उरत नाही. तेव्हा ती बाई आता आपली सोयरी आहे. तिच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस.

सोयरी आहे तर मागायला लाज कसली? माझ्या होडीच्या इंजिनाचा पंखा खडकावर आपटून तुटला. तिला सांग. सोयऱ्याने मागितलं की द्यायचं असतं हे तिला ठाऊक नसेल तर तेही सांग.

तुझ्या दवाखान्याला कुलूप आहे. किल्ली माझ्या दारातल्या खिळ्याला. सरकार म्हणतं नवी नर्स पुढच्या बोटीने येईल. तोवर लोक माझ्याच दारात येऊन उभे राहतात, जसं काही मी गोळ्या लपवल्यात. कोणाचं पोर तापलंय, कोणाची आई धापा टाकतेय. मी काय करणार? किल्ली दाखवतो.

माझं म्हणशील तर रीफच्या प्रवाळावर पायात काहीतरी घुसलं. शिंपला असेल. तुझ्या मोठ्या आईने पाला बांधला, विषय संपला.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवत बसण्यापेक्षा पत्र धाड.

तुझा
सिरेली


वांडूला,
ऑस्ट्रेलिया,
ता. १६ एप्रिल

ती. मोठ्या बाबांना आणि मोठ्या आईला उनाइसीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तुम्ही समोर बसून माझ्यावर ओरडताय असं वाटलं. बरं वाटलं.

मी ठीक आहे. थंडी सुरू झालीय, मी घरातही दोन मोजे घालते. आपल्या गावचा कोणी असता तर म्हणाला असता, ही बाई आजारी पडली वाटतं. आश्रमात बत्तीस म्हातारे आहेत आणि नर्सा आम्ही तिघीच. इथल्या मुली या कामाला येत नाहीत. आल्या तर टिकत नाहीत. म्हणून तर लॉरेनबाई एवढ्या लांब आल्या.

पण मोठे बाबा, इथे त्यांना माझी सोयरी कोणी म्हणत नाही. त्या माझ्या स्पॉन्सर. म्हणजे असं, की आश्रमाने सरकारला लिहून दिलं, आम्ही जाहिरात दिली, इथलं कोणी मिळेना, म्हणून ही फिजीची नर्स आम्हाला द्या. सरकार हो म्हणालं ते त्यांच्या नावावर. मी इथे राहते ती त्यांच्या नावाखाली. उद्या मला काम सोडायचं झालं तर दुसरं कोणीतरी तसंच नाव पुढे करायला हवं, नाहीतर बॅग भरायची. दोन वर्षं इथे नीट काढली की मग कायमचा कागद मिळू शकतो, मग मी माझी. तेव्हा पंख्याचं मी अजून बोलले नाही. रागावू नका. इथे वरिष्ठाकडे होडीचा पंखा मागितला तर ते मला डॉक्टरकडे पाठवतील.

माझ्याकडे डग नावाचा एक म्हातारा आहे. आयुष्यभर मेंढ्या कातरल्या. साखरेमुळे त्याच्या पायाला तळव्याखाली भोक पडलंय. डॉक्टर कापू म्हणत होते. मी म्हटलं मला थोडे दिवस द्या. रोज सकाळी त्याच्यापुढे बुटक्या स्टुलावर बसते, धुते, पट्टी करते. तो सगळा वेळ मला शिव्या देतो आणि मी नसले की नर्स कुठे मेली म्हणून बोंबलतो. तुमचीच जात.

त्याचा पाय मांडीवर घेतला की मला आपला दवाखाना दिसतो. खिडकीची ती निळी पट्टी. मग मी दुसरीकडे बघते.

तुमच्या पायाचं काय? साखरेवरच्या गोळ्या घेताय ना? कपाटात साखर तपासायचं यंत्र आहे आणि किल्ली तुमच्याकडेच आहे.

मोठ्या आईच्या हातच्या नारळाच्या दुधातल्या माशाची आठवण काढून काढून मी इथला उकडलेला बटाटा गिळते. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
उनाइसी


वाइताबू,
ता. २० जून

चि. उनाइसीला आशीर्वाद. वि. वि. असं, की नवी नर्स आली नाही.

ती सुव्यात बोटीपर्यंत आली म्हणतात. सामान चढवलं, स्वतः चढली नाही. तिलाही कोणीतरी मागितलं होतं, न्यूझीलंडहून. तिचा गादीचा गुंडाळा मात्र इथे उतरला. आता तो माझ्या ओसरीवर आहे. किल्लीही माझी, गादीही माझी. नर्सच तेवढी नाही.

लोसालिनीचे दिवस भरले होते ते तुला माहीत आहे. पोर आडवं होतं. तू असतीस तर हाताने चाचपून आधीच सांगितलं असतंस आणि तिला वेळेवर मोठ्या बेटावर धाडलं असतंस. कोणाला कळलं नाही. कळा सुरू झाल्यावर होडीत घातली, उघड्या समुद्रात, आणि माझं इंजिन बंद म्हणून दुसऱ्याचं शोधण्यात वेळ गेला. मायलेक जगली. त्यात आमचं काही कर्तृत्व नाही. पोराचा एक हात लुळा आहे.

दुसऱ्या दिवशी लोसालिनीच्या नवऱ्याने नेहमीसारखा माझ्या दारात मासा आणून ठेवला. ठेवला आणि वळला. चार शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती. यंगोनाची मुळी घोटून प्यायला मंडळी बसली, तिथेही तसंच. माझी वाटी नेहमीच्या मानाने आली. मी प्यालो. सगळे चटईकडे बघत होते.

तर मी ठरवलं. दात परत करायचा. तोंडाने घेतलेलं तोंडानेच परत करायचं असतं, चिठ्ठी चालत नाही. मी येऊ शकत नाही, म्हणून माझं तोंड तू. हेडमास्तरची मेहुणी मेलबर्नला निघाली आहे, तिच्याजवळ दिला आहे. देवमाशाचा दात देशाबाहेर न्यायला परवाना लागतो म्हणे. माझ्या आज्याच्या आज्याने कोणाला विचारलं नव्हतं, पण काढला परवाना.

लॉरेनबाईपुढे जमिनीवर बस. दात दोन्ही हातांत धर. म्हण, आमच्या म्हाताऱ्याने जे त्याच्या एकट्याचं नव्हतं ते देऊन टाकलं, त्याची लाज वाटून हे परत करतो आहे, मुलगी मोकळी करा. बस. लांबण लावू नकोस. माझा बाप अशा वेळी तासभर बोलायचा आणि माणसं बसल्या जागी पेंगायची.

ती हो म्हणाली की बोटीने ये. गादी तयारच आहे.

बाकी मजा सांगतो. परवा खेकडे आणले. एक टोपलीतून निघाला आणि माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला लटकला. बायका किंचाळताहेत, पोरं हसताहेत, आणि मी आपला बोलतच होतो. रक्त बघितलं तेव्हा कळलं. बघ, कातडी कशी झाली आहे माझी. गोळ्यांचं विचारलंस. चहातली साखर सोडली, तेवढं पुरे. चर्चमध्ये हल्ली दाराशी बसतो. वारा लागतो.

ममता कळवायची असेल तर दात देऊन कळव.

सिरेली


वांडूला,
ता. ३० जुलै

ती. मोठ्या बाबांना सा. न. वि. वि.

दात पोचला. टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात वरच्या खणात ठेवलाय, काळजी नको.

लोसालिनीचं दोनदा वाचलं. बाळाच्या हाताला रोज खोबरेल तेल लावून हलकेच वर खाली करायला सांगा. जोर करायचा नाही. पुष्कळदा सुधारतो. तिला सांगा की मी विचारलं. नाहीतर नका सांगू.

लॉरेनबाईंशी बोलायचं आहेच. पण सध्या आश्रमात सरकारी तपासणी चालली आहे, त्या सकाळी येतात त्या कागदांतच बुडतात. अशा वेळी जमिनीवर बसून दात पुढे केला तर बरं दिसणार नाही. थोडं थांबते. योग्य वेळ बघते.

एक सांगू का? दोन वर्षांतली थोडी तर गेलीच. ती पूर्ण झाली तर मी कधीही येईन, कधीही जाईन. गावासाठीही तेच बरं, असं मला वाटतं. तोवर सरकार कोणीतरी पाठवेलच. इथे मला एक खोली आहे, मोठे बाबा. दार लावलं की लागतं. आत यायचं तर माणूस आधी वाजवतो. तुम्हाला हसू येईल, पण मी पहिल्या आठवड्यात नुसतीच दार लावून आत बसत होते.

खेकड्याची गोष्ट मी इथे सगळ्यांना सांगितली. डग एवढा हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, तुझ्या म्हाताऱ्याला सांग, मेंढीने मला एकदा असंच चावलं होतं. त्याची जखम आता निम्मी भरली आहे. डॉक्टर येऊन बघून गेले, माझ्याकडे बघून मान हलवली. मी दिवसभर तरंगत होते.

मोठ्या आईला नमस्कार. मी नवा कोट घेतला, गडद हिरवा. माझ्यावर राग धरू नये ही विनंती.

उनाइसी


वाइताबू,
ता. १० सप्टेंबर

उनाइसी, आशीर्वाद.

तपासणी संपली असेल. दिलास का? हो किंवा नाही एवढं लिही. योग्य वेळ म्हणजे काय असते ते मला कळत नाही. भरती-ओहोटी मला कळते.

मी माझ्यासाठी मागत नाही, हे नीट समजून घे. मला काही झालेलं नाही. मी धडधाकट आहे. गावासाठी मागतो. खिळ्यावरची किल्ली वाऱ्याने भिंतीला वाजते. ती काढून पेटीत ठेवली तर पेटीत आहे हे आठवत राहतं. परत खिळ्याला लावली.

तुझ्या खोलीचं वाचलं. मला हसू आलं नाही. दात हातात घेतला तेव्हा तू मागे बायकांत बसली होतीस. मी वळून तुझ्याकडे बघितलं नाही. बघायची रीतही नाही. पण आता पडल्या पडल्या ते आठवतं.

चर्चमध्ये आता बाहेरच बसतो, आंब्याखाली. पाद्री फार लांबवतो, बाहेर डुलकी तरी काढता येते. तुझी मोठी आई तिची चटई खोलीच्या त्या टोकाला घेऊन गेली. म्हणते मी घोरतो. चाळीस वर्षं घोरतोय, आज कळलं तिला. यंदा माशा फार झाल्यात.

अक्षर वाकडं आहे कारण आडवा होऊन लिहितो. उन्हाने कंटाळा येतो.

माया असेल तर उत्तर दे.

सिरेली


वांडूला,
ता. ४ ऑक्टोबर

मोठे बाबा,

नमस्कार नंतर. हे पत्र बोटीची वाट न बघता विमानाने आणि पुढे पोलीस लाँचने येईल, लॉरेनबाईंनी तशी व्यवस्था केली आहे. वाचून झालं की तसेच त्याच लाँचमध्ये बसा आणि सुव्याच्या मोठ्या इस्पितळात जा. मोठ्या आईने पट्टी सोडायची नाही, पाला काढायचा नाही, काही करायचं नाही. माझी वाट बघायची नाही. टेकाडावर फोन केला असता, पण तुम्ही चारचौघांत मला काही झालं नाही म्हणाला असता आणि मी फसले असते. पुन्हा.

आज सकाळी डगची पट्टी करत होते. तो सांगत होता की थंडीत त्याने हीटरवर पाय ठेवला होता, कातडी जळली तरी त्याला कळलं नाही. म्हणून तर हे भोक पडलं. हे मला तो पन्नासदा बोललाय. आज माझा हात तिथेच थांबला. मला खेकडा आठवला.

खोलीत जाऊन तुमची पत्रं काढली. सगळं होतं त्यांत. शिंपला. टाळलेल्या गोळ्या. चर्चचं दार, मग आंबा. मोठ्या आईची चटई. माशा. मी नर्स आहे, मोठे बाबा. एखाद्या परक्या माणसाच्या तोंडून यातलं एक वाक्य ऐकलं असतं तर मी त्याचा बूट काढायला लावला असता. तुमचं वाचून मी हसले, आणि दुसऱ्यांनाही हसवलं. कारण मला तुम्ही धडधाकट हवे होतात. तुम्ही धडधाकट असलात तर मला इथे राहता येणार होतं.

दात मी दिला नव्हता. तपासणी ऑगस्टमध्येच संपली. तो कपाटात होता, नव्या कोटाच्या वर. कोट काढताना रोज दिसायचा. आज दिला.

ऑफिसच्या जमिनीवर बसले तशा लॉरेनबाई खुर्चीतून उठून माझ्यासमोर बसल्या. दात घेतल्यावर वाजवायच्या टाळ्या त्यांनी मधेच वाजवल्या. तुम्ही शिकवलंत तेवढंच मी बोलले, पण मधे रडले, त्यामुळे लांबलं. त्यांनी दात दोन्ही हातांत घेतला. मग विचारलं, "याला नको म्हणता येत नाही ना?" मी म्हटलं, नाही. त्यांनी दात मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "तुला मागायला आले तेव्हा तू गेल्यावर तिथे कोण असेल, हे मी विचारलंसुद्धा नाही."

मला विमानात जागा पुढच्या आठवड्यात मिळाली, तेव्हा निघते. मला सगळं ऐकवायचं ते तिथे ऐकवा.

उनाइसी


वाइताबू,
ता. १२ डिसेंबर

चि. उनाइसीला मोठ्या बाबांचा आशीर्वाद. वि. वि.

मला घरी आणून टाकलं. सुव्याच्या इस्पितळातलं जेवण होतं त्यापेक्षा पाय कापलेला बरा होता. गुडघ्याखालून गेला, म्हणजे होडीत बसायला अडचण नाही. तू पोचायच्या आदल्या दिवशीच त्यांनी कापला, यावर तू किती रडलीस. आता पुरे. तो पाय मीच सडवला. तू पत्रात विचारलंस, मी खोटं लिहिलं. का लिहिलं? मुलगी मीच देऊन टाकली होती, मग माझ्या पायासाठी तिला कोणत्या तोंडाने बोलावू? दुसऱ्याच्या पोराचा हात लुळा पडला, तेव्हा माझा पाय गेला तर ठीकच आहे, असंही वाटायचं. हे कोणाला बोलू नकोस. विशेषतः पाद्रीला, तो यावर प्रवचन करेल.

लॉरेनबाईने तुझ्या मागोमाग दात परत पाठवला, त्याचं मला राहून राहून हसू येतं. तिला कोणीतरी सांगितलं असेल की आपल्याकडे माणूस गेलं की दात घेऊन भेटायला जातात. तिने पाय गेला म्हणून पाठवला. पायाच्या मर्तिकाचा! माझ्या बापाच्या बापानेही असं ऐकलं नसेल. आणि वॉर्डात माझ्या वतीने बोलायला दुसरा कोणी नाही, म्हणून मलाच पलंगावर उठून बसून माझ्याच पायासाठी दात स्वीकारावा लागला. नर्सा तोंडावर हात ठेवून हसत होत्या. मी दोनच वाक्यं बोललो. पाय चांगला होता. खूप चालला. मग मी तोंड भिंतीकडे केलं, ते तू बघितलंसच.

चुकलं ते चुकलं, पण मनापासून चुकली बाई. आणि पंखा! तू एवढ्या गडबडीत तिला पंख्याचं सांगितलंस कधी? बसवला. होडी चालते.

तू ऑस्ट्रेलियाला परत निघालीस त्या सकाळी मी झोपेचं सोंग घेतलं होतं. तुला कळलं असेल.

आता कामाचं. दात माझ्याकडे आहे. यावेळी तो घेताना मी कोणाला दिलं नाही, काही कबूल केलं नाही. लॉरेनबाईने तुला मोकळं केलं, मीही केलं. तू आता कोणाची दिलेली नाहीस. तुला तिथे दोन वर्षं काढायची तर काढ. खोलीचं दार लावून बस. मी मनापासून लिहितो. एक पाय अजून आहे आणि तो मी रोज आरशात तळव्याखाली बघतो, तू सांगितलंस तसा. तुझी मोठी आई म्हणते म्हातारपणी नटायला लागला.

किल्ली खिळ्याला आहे. त्याचा अर्थ बोलावतोय असा काढू नकोस. खिळा आहे म्हणून आहे.

आमची आठवण आली तर येऊ दे, मुद्दाम काढू नकोस.

सिरेली


सरकारी दवाखाना,
वाइताबू,
ता. १८ मार्च

प्रिय लॉरेनबाई यांना उनाइसीचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र कालच्या बोटीने आलं. मी इथे रुजू झाल्याचं सुव्याच्या कचेरीने तुम्हाला कळवलं असेल. यावेळी मला कोणी दिलं नाही, कोणी बोलावलं नाही, मीच आले. माझ्या नावाचे कागद तुम्ही कोणताही त्रास न होता बंद केलेत, एक शब्दही वाकडा लिहिला नाहीत, त्यासाठी आभार मानायला मला नीट जमत नाही. खिडकीला नवा निळा रंग दिला. सकाळपासून रांग असते. पहिल्या दिवशी निम्मे लोक नुसतेच बघायला आले होते. लोसालिनीचं बाळ बोटं मिटायला लागलंय. हात पूर्ण बरा होईल असं मी तिला सांगत नाही. ती माझ्याशी बोलते, बाळाचं सोडून सगळं बोलते.

डगच्या पायाची दोन बोटं काढावी लागली, हे वाचून मी पत्र मिटून ठेवलं आणि बाकीचं आज वाचलं. तुम्ही लिहिता की मी गेल्यावर ज्याची पाळी असेल त्याने पट्टी केली आणि काही दिवस कोणाचीच पाळी नव्हती. तुमचा दोष नाही. तुम्ही तिघींच्या दोघी झालात ते माझ्यामुळे. तो अजून विचारतो का, नर्स कुठे मेली? त्याला सांगा जिवंत आहे, आणि रोज त्याची आठवण काढते. इथे मोठे बाबा समोर पाय सोडून बसतात, मी स्टुलावर बसते, आणि मांडीवर घेतलेला पाय कोणाचा आहे ते मला क्षणभर कळत नाही.

जखम धुताना पाणी आधी स्वतःच्या कोपराला लावून बघायला सांगा. त्याला गरम कळत नाही. हीटर दूर. आणि तो शिव्या द्यायचा थांबला तर लगेच डॉक्टरला बोलवा.

टोंगाच्या मुलीसाठी तुम्ही सरकारला लिहून दिलंत हे बरं केलंत. बरं केलंत असंच मी म्हणते.

मोठ्या बाबांना खाली दोन ओळी लिहायच्या आहेत. ते पत्र माझ्या हातातून ओढताहेत. आपला स्नेह आटू नये एवढंच मागणं.

तुमची
उनाइसी

ता. क. लॉरेनबाईला सिरेलीचा नमस्कार. पंखा झकास चालतो.

नवी पोर टोंगाहून आणता आहात असं ऐकलं. दात न्या किंवा नेऊ नका, पण ती गेल्यावर तिच्या दवाखान्याची किल्ली कोणाच्या खिळ्याला राहणार, ते आधी विचारा. तुम्ही मला विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

दुसरं. या पत्राबरोबर दात पाठवतो आहे. तोच. परवान्याची तीच कटकट झाली. हा तुमच्यासाठी नाही, डगसाठी आहे, त्याच्या दोन बोटांच्या मर्तिकाचा. ही रीत तुम्हीच काढलीत, तेव्हा आता निभवा. त्याला सांगा, माझा पाय गेला तेव्हा आमची पोर त्याच्या पायाशी बसली होती, आणि त्याची बोटं गेली तेव्हा ती माझ्या पायाशी होती. पोर एकच आहे. तिच्या वतीने मी माफी मागतो. दात दोन्ही हातांत घ्यायचा. बोटांबद्दल दोन शब्द बोलायचे, चांगले. लांबण लावायची नाही. घेतला की कळवा, मग मी इथे टाळ्या वाजवतो.